टर्मिनल पाडा, पण आधी रस्ता दाखवा

प्रति,
छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे चालक,
भारतीय विमानतळ प्राधिकरण,
आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण

स. न. वि. वि.

मी विलेपार्ले पूर्वेला राहतो. आमच्याकडे फोनवर बोलता बोलता माणूस मध्येच ‘थांब, विमान जाऊ दे’ म्हणतो, आणि पलीकडचाही पार्लेकर असेल तर काही न विचारता थांबतो. तेव्हा तुमच्या कामकाजात नाक खुपसायचा थोडाफार हक्क आम्ही आवाज सोसून कमावलेला आहे, असं समजून हे पत्र वाचावं.

विषय टर्मिनल १चा. ते पाडून त्याच जागी नवं बांधायचं, आजची वर्षाला दीड कोटी प्रवाशांची क्षमता दोन कोटींवर न्यायची, असं सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर झालं. पाडकामासाठी तेव्हा नोव्हेंबर २०२५ ही तारीख सांगितली होती, ती पुढे गेली. इमारत बदलायला हवी याबद्दल वादच नाही. सांताक्रूझचं टर्मिनल १९५८मध्ये सुरू झालं, १९९२मध्ये त्याला एक भाग जोडला गेला, २०१०मध्ये आणखी एक. गरज पडेल तसं ठिगळ लावत नेलेली ही वास्तू आहे. आत शिरल्यावर कुठे छत एकदम खाली येतं, कुठे वाट उगाच वळसा घेते, त्यावरूनच ते कळतं. पाडा. मला बोलायचंय ते पाडल्यानंतर काय उभं राहणार आणि मधल्या काळात आम्ही कुठे जायचं, याबद्दल.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करून टाका: नव्या टर्मिनलमुळे मुंबईत उतरणाऱ्या विमानांची संख्या त्या प्रमाणात वाढणार नाही. वाढूच शकत नाही. या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान धावत असताना दुसरीवर दुसरं सोडता येत नाही. म्हणजे कागदावर दोन, कामाला एकच. दिवाणखाना कितीही ऐसपैस केला तरी घराला दार एकच असेल तर पाहुणे एकामागून एकच आत येणार. २००६मध्ये विमानतळ खासगी चालकाकडे गेला तेव्हा वर्षाला दोन कोटींच्या आसपास प्रवासी होते. २०२४-२५मध्ये हा आकडा साडेपाच कोटींवर गेला. धावपट्टी तीच. डिसेंबर २०१८मध्ये चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा करून इथल्या लोकांनी विक्रम केला, आणि त्याबद्दल हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातल्या माणसांना मी मनापासून दाद देतो. पण दाद द्यावी लागते याचाच अर्थ दोर किती ताणलाय ते बघा.

हे सरकारलाही ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये नागरी उड्डाण मंत्रालयाने मुंबईतली उड्डाणं कमी करायला लावली. गर्दीच्या तासांत ४६ ऐवजी ४४, इतर वेळी ४४ ऐवजी ४२. कारण असं दिलं की उतरायला जागा मिळेपर्यंत विमानं आकाशात चाळीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत घिरट्या घालत होती, आणि अशी घिरटी घालताना एक विमान तासाला साधारण दोन हजार किलो इंधन जाळतं. हे वाचलं तेव्हा मला त्या विमानांत बसलेले लोक डोळ्यांसमोर आले. खाली वसईची खाडी दिसतेय, मग पुन्हा समुद्र, मग पुन्हा खाडी, आणि शेजारचा म्हणतोय की आत्तापर्यंत मी घरी जेवायला बसलो असतो.

एका धावपट्टीवर सगळा भार म्हणजे काय, ते जुलै २०१९मध्ये दिसलं. पहिल्याच रात्री, धो धो पावसात, एक विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि चिखलात रुतलं. सुदैवाने सगळे प्रवासी सुखरूप उतरले. पण ते धूड तिथून हलवेपर्यंत मुख्य धावपट्टी जवळजवळ चार दिवस बंद होती. त्या चार दिवसांत दुसऱ्या धावपट्टीवर जेवढं चालवता आलं तेवढं चालवलं, आणि बाकीची उड्डाणं रद्द झाली किंवा दुसऱ्या शहरांत वळवली गेली. या शहराला विमानतळ म्हणून दुसरा पर्यायच नव्हता. आता नवी मुंबईचा आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

तर मुद्दा असा, की तुम्ही वाढवू शकता ते आकाश नव्हे, जमीन. विमान उतरल्यावर ते धावपट्टीवरून चटकन बाजूला निघावं म्हणून तिरके मार्ग बांधणं हे खरं क्षमतेचं काम. लंडनचं गॅटविक एकाच धावपट्टीवर तासाला ५५पर्यंत उड्डाणं सांभाळतं. तितकं इथे का जमत नाही, याची कारणं तांत्रिक असतील आणि ती आम्हाला समजावून सांगता येतील. पण अशा कामाचं भूमिपूजन कोणी करत नाही, त्याचा रंगीत फोटो पहिल्या पानावर येत नाही. फोटो टर्मिनलचा येतो. टी-२चं, म्हणजे टर्मिनल २चं, उद्घाटन आठवा, जानेवारी २०१४. मोरपिसाच्या नक्षीचं छत, कलाकृतींनी भरलेली भिंत. मी स्वतः ती भिंत पाहत रेंगाळलोय, सुंदरच आहे. फक्त ती भिंत पाहायला बोरिवलीहून निघालेला माणूस वेळेत पोचला पाहिजे.

आणि इथेच खरी जागा आहे, तुम्हाला काही मोठं करून दाखवायला. टी-१ आणि टी-२ हे नावाने एकच विमानतळ, पण एका टर्मिनलवर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं म्हणजे सामान घेऊन बाहेर या, गाडी किंवा बस पकडा, मुंबईच्या रहदारीतून वळसा घाला, पुन्हा दारावर ओळखपत्र दाखवा, पुन्हा तपासणीची रांग लावा. नागपूरहून टी-१ला उतरलेलं आणि टी-२वरून दुबईला निघालेलं कुटुंब बघा. आजोबा, दोन ट्रॉल्या, सुतळीने बांधलेलं एक खोकं, आणि आजी विचारतायत की हे मघाचंच विमानतळ ना रे? घरातला शिकलेला मुलगा फोनमध्ये डोकं घालून घामाघूम झालेला. नवं टी-१ बांधताना दोन्ही टर्मिनल आतून, सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूने जोडायची योजना आहे का? असेल तर ती दाखवा. नसेल तर का नाही, ते सांगा.

टी-१ आणि टी-२चा गोंधळ रिक्षातच सुरू होतो. रिक्षावाला विचारतो, ‘डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ दिल्लीला निघालेला माणूस प्रामाणिकपणे ‘डोमेस्टिक’ म्हणतो आणि टी-१च्या दारात उतरतो. त्याचं विमान टी-२वर. देशांतर्गत विमानं टी-२वरूनही सुटायला लागून कितीतरी वर्षं झाली, पण रस्त्यावरची भाषा अजून जुनीच आहे आणि तुमच्या पाट्यांनी ती बदलायला फारसा हातभार लावलेला नाही. हायवेवर, पार्ले स्टेशनबाहेर, अंधेरीच्या पुलाखाली, विमान कंपन्यांच्या नावांसकट मोठ्या मराठी अक्षरांतल्या पाट्या लावायला किती खर्च येतो? टर्मिनलच्या एका खांबाएवढाही नसावा.

मेट्रो ३मुळे नशीब उघडलंय. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२५पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. टी-१ आणि टी-२ या नावांची स्थानकं आहेत, मधे सहार रोड. आजची टी-१ची इमारत बांधली तेव्हा या मेट्रोचा पत्ता नव्हता, त्यामुळे इमारत एकीकडे तोंड करून उभी आहे आणि स्थानक दुसरीकडे, यात कोणाचा दोष नाही. पण नवी इमारत मेट्रो जमिनीखाली धावत असताना बांधली जाणार आहे. आता निमित्त उरलेलं नाही. स्थानकातून वर येणारा जिना थेट निर्गमनाच्या दारात उघडला पाहिजे, वरून छत पाहिजे, सरकती पट्टी पाहिजे, आणि बॅग ओढत नेताना मधे एकही रस्ता ओलांडावा लागू नये. पावसाळ्यात इथे छत्री, बॅग आणि लहान मूल ही तीन ओझी दोन हातांत सांभाळावी लागतात. ज्यांना मोटारीने दारात सोडलं जातं त्यांना हे कळणार नाही, म्हणून लिहितोय.

पश्चिम रेल्वेचं पार्ले स्टेशन तर सगळ्यांनी विसरायचंच ठरवलंय असं दिसतं. स्टेशनवरून नेहरू रोडने सरळ गेलं आणि हायवे ओलांडला की टी-१. अंतर म्हणाल तर चालत जाण्याजोगं, चालणं म्हणाल तर अशक्य. फुटपाथ मधेच संपतो, जिथे असतो तिथे दुचाकी उभ्या, आणि हायवेखाली पाणी, अंधार, बस, रिक्षा, सगळं एकदमच. विरार, वसई, बोरिवली, कांदिवली इथून लोकलने येणाऱ्या माणसाला विमानतळाच्या उंबरठ्याशी आणून सोडायचं आणि शेवटचा दीड-दोन किलोमीटर त्याच्या नशिबावर टाकायचा, हे आपण पन्नास-साठ वर्षं करत आलोय. प्राधिकरणाला विनंती आहे की स्टेशन ते टर्मिनल असा उंचावरचा पादचारी मार्ग नव्या टी-१च्या आराखड्याचाच भाग मानावा. तो नंतर कधीतरी, वेगळ्या निविदेत, वेगळ्या कंत्राटदाराकडून नको. ‘नंतर’चा अर्थ आम्हाला चांगला माहीत आहे.

टी-१वर कोण येतं, हेही एकदा उभं राहून बघा. बहुतेक करून कमी भाड्याच्या कंपन्यांचे प्रवासी. पहिल्यांदाच विमानात बसणारे बरेच. एप्रिल-मे महिन्यात हापूसच्या पेट्या घेऊन दिल्लीला मुलीकडे निघालेले, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीला मुंबईत येणारे. पहाटे साडेचारचं विमान पकडण्यासाठी रात्री अकराच्या लोकलने येऊन खुर्चीवर रात्र काढणारे. यांना आलिशान लाउंज नको असतो. बसायला पुरेशा खुर्च्या, पाय पसरायला जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ सहज सापडेल अशा ठिकाणी, स्वच्छ संडास, आणि दोनशे रुपये न मोजता मिळणारा चहा. व्हीलचेअर मागितल्यावर माणूस यायला किती वेळ लागतो, तेही मोजा. नव्या इमारतीत दुकानांसाठी किती जागा आणि बसण्यासाठी किती, हा हिशेब बांधकामाआधी प्रसिद्ध झाला तर बाकीचं सगळं आम्हाला आपोआप समजेल.

आता नवी मुंबई. २५ डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडायला लागली आणि मला त्याचा आनंद आहे. एकमेकींना समांतर दोन धावपट्ट्यांची योजना, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि पुढे नऊ कोटींपर्यंत, हे मुंबईला फार पूर्वी मिळायला हवं होतं. दहा गावांनी त्यासाठी घरं सोडली, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदी वळवली गेली. त्या गावांचं ऋण कसं फेडणार हा वेगळ्या पत्राचा विषय आहे आणि ते पत्र लिहायचा अधिकार त्यांचा.

माझा प्रश्न असा: टी-१ पाडलं की तिथले दीड कोटी प्रवासी जाणार कुठे? टी-२ भरलेलं आहे. टी-१ याआधीही बंद होतं, २०२०-२१मध्ये, पण तेव्हा करोनाने विमानंच जमिनीवर आणली होती, टी-२मध्ये सगळे मावले. आता मावणार नाहीत. म्हणजे बरीच उड्डाणं नवी मुंबईला जाणार. जाऊ देत. पण दहिसरचा माणूस उलव्याला कसा पोचणार, ते तुमच्या आराखड्यात कुठल्या पानावर आहे? अटल सेतू उत्तम आहे, पण तो शिवडीला सुरू होतो. दहिसरहून शिवडी गाठणं हाच एक प्रवास. पुलावर मोटारीला एका वेळचा २५० रुपये पथकर, शिवाय टॅक्सीचं भाडं. काही मार्गांवर हे सगळं मिळून विमानाच्या तिकिटाच्या जवळ जाईल. लोकलने म्हणाल तर आधी अंधेरी, तिथून पनवेलची गाडी, नेरुळला उतरून उरणची गाडी. उरणच्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की विमानही चुकलं म्हणून समजा. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो ८, साधारण ३५ किलोमीटरची, तिचं नाव आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. खांब मात्र अजून दिसलेला नाही.

म्हणून क्रम बदला. आधी पश्चिम उपनगरांतून नवी मुंबई विमानतळाकडे जाणारी भरवशाची सोय, मग टी-१वर हातोडा. मेट्रो ८ लगेच होणार नाही हे मलाही कळतं. पण अंधेरी-पनवेल गाड्या वाढवणं, उरण मार्गावर पहाटे आणि रात्री उशिराच्या फेऱ्या देणं, बोरिवली, अंधेरी आणि ठाण्याहून अटल सेतूमार्गे किंवा ऐरोलीमार्गे चोवीस तास बस चालवणं, यासाठी बोगदे खोदावे लागत नाहीत. रेल्वे, बेस्ट, नवी मुंबईची बससेवा एनएमएमटी आणि तुम्ही एका टेबलाभोवती बसलात की पुरे. अवघड आहे ते टेबल, बस नव्हे! कोणती कंपनी कोणत्या तारखेपासून कुठे जाणार, तेही किमान सहा महिने आधी सांगा. लोक दिवाळीची तिकिटं पावसाळ्यातच काढून ठेवतात.

पाण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. २६ जुलै २००५ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला तो सांताक्रूझच्या वेधशाळेत, म्हणजे तुमच्या कुंपणालगत. मिठी नदी तुमच्या हद्दीतून जाते, धावपट्टीखालून जाते, आणि विमानतळाच्या सोयीसाठी तिला काटकोनात वळवलेलं आहे. महापुरानंतर सरकारने नेमलेल्या माधवराव चितळे समितीने या सगळ्याची झाडाझडती घेतली होती. नव्या टर्मिनलला तळघरं असणार, वाहनतळ असणार, खोदाई होणार. मातीचे डंपर कुठून जाणार, राडारोडा कुठे पडणार आणि पावसाचं पाणी पार्ल्याच्या आणि कलिन्याच्या गल्ल्यांत न शिरता कसं निघणार, याचा नकाशा काम सुरू होण्याआधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लावा.

शेजाऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथे शेकडो इमारती ‘फनेलमध्ये’ अडकल्यात. विमानांच्या उतरण्या-चढण्याच्या वाटेखाली असल्याने उंची वाढवता येत नाही. उंची वाढवता येत नाही म्हणून विकासक फिरकत नाही, आणि विकासक फिरकत नाही म्हणून साठीतल्या इमारतीतली सत्तरीतली माणसं लिफ्टशिवाय तिसरा मजला चढतात. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका सोसायटीत तर गॅलरीला टेकू दिलेत आणि वाळत घातलेले कपडे त्या टेकूंनाच अडकवतात. सुरक्षेचा नियम योग्यच आहे, तो शिथिल करा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण शहराच्या विमानतळासाठी जी बंधनं आम्ही पाळतो, त्यांची भरपाई शहराने करायला हवी. न वापरता आलेला चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे वापरता यावा, ही मागणी जुनी आहे. विस्ताराची बोलणी होतात त्याच बैठकीत हीही व्हावीत. विमानतळाच्या जमिनीवरच्या वस्त्यांचंही तेच. ऐंशी हजारांच्या आसपास कुटुंबं तिथे राहतात आणि प्रत्येक नव्या योजनेत त्यांचा उल्लेख ‘अडथळा’ म्हणून होतो. त्यातले कितीतरी लोक रोज सकाळी तुमच्याच टर्मिनलमध्ये झाडू मारायला, सामान चढवायला, जेवणाचे ट्रे भरायला येतात. त्यांचं पुनर्वसन किती वर्षं रखडलं याचा हिशेब तुमच्या फायलींमध्ये आहेच.

पैशांचं म्हणाल तर तिकिटात यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरण्याबद्दलचं विकास शुल्क, नावाची एक ओळ असते. ती आम्ही भरतो. तिचा दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि टर्मिनलवर झालेला खर्च हळूहळू त्याच दरातून वसूल होतो. चालकाच्या उत्पन्नातले ३८.७ टक्के विमानतळ प्राधिकरणाकडे जातात, तेही अखेर आमच्याच खिशातून आलेले. म्हणजे या बांधकामाचे खरे वर्गणीदार आम्ही आहोत. वर्गणीदाराला आराखडा पाहायला मिळावा ही काही भलतीच अपेक्षा नाही.

म्हणून एवढंच करा. निविदा निघण्याआधी एका रविवारी पार्ल्यात या. लोकमान्य सेवा संघ आहे, दीनानाथ नाट्यगृह आहे, जागेची वाण नाही. वास्तुविशारदाला आणा, मेट्रोचा आणि रेल्वेचा माणूस आणा, पालिकेचा अभियंता आणा. सादरीकरण मराठीत असू दे आणि नकाशे भिंतीवर लावण्याएवढे मोठे. पार्लेकर प्रश्न विचारण्यात हात आखडता घेत नाहीत, तेव्हा वेळ हाताशी ठेवून या. पहिला प्रश्न मी आत्ताच कळवून ठेवतो, म्हणजे तयारी करून येता येईल: विरारहून लोकलने आलेली, हातात एक बॅग आणि सोबत म्हातारी आई असलेली बाई पार्ले स्टेशनवर उतरल्यापासून नव्या टी-१च्या दारापर्यंत किती मिनिटांत आणि कुठून पोचेल, ते नकाशावर बोट ठेवून दाखवा.

उत्तराची वाट पाहतो. कळावे.

आपला,
विलेपार्ले पूर्वेतला एक रहिवासी